स्पोर्ट्स कारची टाकी पूर्ण भरत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे दोन आसनांची, जुन्या बनावटीची पेट्रोल स्पोर्ट्स कार असून पुस्तिकेनुसार तिच्या टाकीत ६४ लिटर पेट्रोल मावते. मात्र हल्ली काटा अर्ध्याच्या थोडा वर जाताच नोझल खटकन बंद होते. निपाणी, बेळगाव आणि सीमेपलीकडे कागल येथील निरनिराळ्या पंपांवर हाच अनुभव आल्याने दोष पंपाचा नसावा. भरलेले लिटर आणि काटा यांचा मेळ बसतो, त्यामुळे टाकीतील पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोटही (तरंगता भाग) ठीक दिसतो.

नोझलच्या टोकाजवळील बारीक छिद्रापर्यंत पेट्रोल किंवा फेस पोहोचला की ते आपोआप बंद होते. म्हणजेच टाकीतील हवेला बाहेर पडण्यास वाट मिळत नसून पेट्रोल भरणनळीतच तुंबत असावे. अगदी संथ धारेने भरल्यास आणखी थोडे जाते, पण मागे रांग असताना पंपावरचा मुलगा तरी किती वेळ थांबणार?

माझा संशय पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरवर आहे, कारण नोझल बंद झाल्यावरही काठोकाठ भरून घेण्याची आधीच्या मालकांना सवय होती आणि तसे केल्यास पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी होऊन हवेची वाट अडू शकते. तथापि व्हेंटची, म्हणजे हवा बाहेर सोडणारी, नळी दबलेली असणे किंवा पावसाळ्यातील चिखलाने तिचे तोंड बुजलेले असणेही शक्य आहे.

कॅनिस्टर महाग असल्याने तो बदलण्यापूर्वी कोणती नळी कोठे सोडवून तपासावी, आणि या वाहिन्यांची धूर सोडून चाचणी करणारे गॅरेज बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात आहे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.