पंचिंग शिअर: कॅपिटल वाढवा, स्लॅबला भोकं कशाला?

ओळंबा:
जुन्या फ्लॅट स्लॅबचं (तुळयांशिवाय थेट कॉलमवर टेकलेल्या स्लॅबचं) मजबुतीकरण निघालं की हल्ली आधी शिअर बोल्टच, म्हणजे कॉलमभोवती स्लॅबला भोकं पाडून बसवायचे बोल्टच सुचवले जातात. मला ते पटत नाही. कॉलम स्लॅबमधून आरपार घुसू नये (त्यालाच पंचिंग म्हणतात), एवढंच साधायचंय ना? कॉलमच्या माथ्याशी काँक्रीटचं किंवा पोलादी कॅपिटल, म्हणजे रुंद डोकं बसवा. शिअर (स्लॅबला कापू पाहणारं बळ) मोठ्या परिघावर वाटला जातो, ताण उतरतो. जिथे सळ्या सगळ्यात दाट, नेमकं तिथेच ड्रिल घालायचं म्हणजे दुखणं विकत घेणं.

सळईखोर:
ताण उतरतो, पण मोडायची तऱ्हा बदलत नाही. पंचिंग म्हणजे काही न सांगता जाणं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या पायपर्स रो कार पार्कमध्ये 1997 साली वरचा स्लॅब असाच कोसळला. पहाटेची वेळ, म्हणून माणसं वाचली. बोल्ट तिरक्या भेगेला आडवे जातात, त्यामुळे स्लॅब आधी वाकतो, तडे दाखवतो. ड्रिल आंधळं नसतं, आधी स्कॅनरने सळ्या आखून घेतात. तिरके अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेल्या सळ्या) तर खालूनच बसतात, वरची फरशी शाबूत.

ओळंबा:
आणि ते अँकर धरून ठेवणारं रेझिन आगीत मऊ पडलं की? शिवाय कॉलमलगतचं काँक्रीट चिरडायला लागलं तर कितीही बोल्ट घाला, उपयोग शून्य.

सळईखोर:
आगीसाठी संरक्षण द्यावंच लागतं, पोलादी कॅपिटललाही. चिरडण्याची मर्यादा मान्य. तिथे मी पण तुमचंच कॅपिटल लावीन.

नवशिका:
वरून कार्बन फायबर चिकटवलं तर? ना भोकं, ना कॅपिटलसारखी खालची उंची कमी.

सळईखोर:
वाकण्याची ताकद वाढते, पंचिंगविरुद्धची मात्र जराशीच. आणि स्लॅब आणखी ताठर होतो, म्हणजे इशारा उलट कमीच मिळणार.

टेकूवाला:
तुम्ही दोघंही टेकूंबद्दल गप्प कसे? स्लॅबचं स्वतःचं वजन आधीच कॉलमवर बसलंय. जॅक लावून ते उचललं नाही, तर नवं कॅपिटल काय किंवा बोल्ट काय, पुढच्या वाढीव भारालाच कामाला येणार. त्यात कॅपिटलचं ताजं काँक्रीट आकसलं की स्लॅबखाली केसाएवढी फट राहते. ती न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) गच्च भरली नाही, तर कॅपिटल नुसतं शोभेचं.

ओळंबा:
फट कारागिरीने बुजते. कापलेली सळई कशाने जोडणार?

टेकूवाला:
सळई कापली तर तो दोष स्कॅन न करणाऱ्याचा, बोल्टचा नव्हे. आणि कॉलममधून आरपार जाणाऱ्या तळाच्या सळ्या आहेत का, हे कोणी पाहिलंय? पंचिंग झाल्यावर स्लॅब त्यांच्यावरच लटकतो.