मागच्या बाकावर बसून बघा

ताई, बदली होऊन सोलापुरात आलात, मिस्टर हिंदू, लेकीला वेदीसेवा (प्रार्थनाविधीत वेदीपाशी फादरांना मदत) करायचीय, तर मोकळ्या मनाचं कॅथलिक चर्च कसं ओळखायचं असं विचारलंत. इथे निवडायला मुंबईसारखी रेलचेल नाही. दोन-तीन रविवार मिस्सेला, म्हणजे त्या प्रार्थनाविधीला, मागच्या बाकावर बसा नि वेदीकडे बघा. मुलींच्या वेदीसेवेला १९९४ पासून मुभा आहे (बिशपांच्या मर्जीवर का होईना), २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी वाचकपदही (मिस्सेत बायबलचे उतारे वाचण्याचं अधिकृत पद) स्त्रियांना खुलं केलं. तरी वेदीपाशी मुलगेच दिसले तर समजा काय ते.

आमचेही हे हिंदूच. पहिल्या रविवारी कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत छातीवर हात आडवे धरून (भाकर नको, नुसता आशीर्वाद द्या अशी ती खूण) अवघडून उभे. फादरांनी डोक्यावर हात ठेवला, नंतर चहाला थांबवून शेंगाचटणीवर गप्पा मारल्या. आम्ही तिथेच रुळलो.