मदत हवी आहे: उष्णतेने हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं, मग सोलापूरच्या उन्हात काय?

भाची नीटची तयारी करतेय. मी कॉमर्सवाला, त्यामुळे तिच्या शंकांपुढे माझी पाटी कोरी.

हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या, एकीला ऑक्सिजन चिकटला की रेणूचा आकार बदलतो आणि पुढचे सहज चिकटतात, म्हणून ऑक्सिजनचा दाब वाढेल तसं हिमोग्लोबिन किती भरतं याचा आलेख एस आकाराचा, इथवर समजलं. कार्बन डायऑक्साइड, आम्लता, तापमान किंवा २,३-बीपीजी (तांबड्या पेशींतलं एक रसायन) वाढलं की आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे ऑक्सिजनवरची पकड सैल होते. आता तिचा प्रश्न: "मामा, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ वर जातो, तेव्हा फुफ्फुसातच पकड सुटत नाही का? दुपारी सायकलवर दम लागतो तो यामुळेच?"

शिवाय पकड सैल होणं फायद्याचं की तोट्याचं? क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही लिहिलंय. ("उन्हात फिरू नका" हा सल्ला नको, त्यासाठी आमची आजी आहे.)

प्रतिसाद १
बाहेर ४३ असलं तरी घामामुळे शरीर आत ३७ च्या आसपासच राहतं, आणि हवाही फुफ्फुसात पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला येते. उन्हातला दम वेगळा: त्वचेकडे जास्त रक्त वळवावं लागतं, घामाने पाणी कमी होतं, हृदयावर ताण येतो.

समजा ४० चा ताप आला, तरी घाबरायचं कारण नाही. वायुकोशांत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) ऑक्सिजनचा दाब पाऱ्याचे सुमारे १०० मिलीमीटर. तिथे आलेख जवळपास सपाट, त्यामुळे तो थोडा सरकला तरी हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांच्या आसपास भरतंच. ऊतींजवळ (स्नायू वगैरे, जिथे ऑक्सिजन वापरला जातो) दाब ४० किंवा त्याहून कमी, तिथे आलेखाला तीव्र उतार. तेवढंच सरकणं तिथे बराच जास्त ऑक्सिजन मोकळा करतं. पळणाऱ्याच्या पायाचा स्नायू गरम आणि आम्लधर्मी होतो, म्हणजे जिथे गरज तिथेच पकड सुटते. यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या भागाला बोर परिणाम म्हणतात. क्रिस्टियान बोर आणि सहकाऱ्यांनी तो १९०४ मध्ये मांडला.

नोट्सही चूक नाहीत. खूप उंच डोंगरावर फुफ्फुसातलाच दाब उतारावर येतो, तिथे सैल पकड घेताना नडते.

धागाकर्ता
आभार! भाचीला पटलं, पण लगेच पुढचा प्रश्न: मग पोटातलं बाळ आईच्या रक्तातून ऑक्सिजन कसं ओढून घेतं?

प्रतिसाद २
मोठ्यांच्या हिमोग्लोबिनच्या चारपैकी दोन साखळ्या बीटा प्रकारच्या, बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये त्यांच्याऐवजी गॅमा साखळ्या असतात, त्यांना २,३-बीपीजी कमी चिकटतं, म्हणून पकड जास्त घट्ट. मोठ्यांचं हिमोग्लोबिन अर्धं भरायला सुमारे २७ मिलीमीटर दाब लागतो, बाळाचं २० च्या आसपासच तेवढं भरतं. आलेख काढायला सांगा तिला, दोन्ही रेषा एकाच कागदावर.