आजीच्या कपाटाला कागद लावायचाय, उन्हाळ्यात टिकेल का?

आजीचं सागवानी कपाट आहे, दारांवर फुलाफुलांचा कागद चिकटवायचाय पण इथे जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, कडा उचकटणार नाहीत ना?

भुसावळहून: ताई, जुनं पॉलिश आधी १२० नंबरच्या काचपेपरने घासा, नाहीतर गोंद धरतच नाही. मी देव्हाऱ्याला घाई केली, पंधरा दिवसांत कोपरा पापडासारखा वर आला.

धुळ्याहून: फेव्हिकॉलात थोडं पाणी घाला, मधून कडेकडे सुती कापडाने दाबत जा म्हणजे हवा निघते आणि दुसऱ्या दिवशी वरून वॉर्निशचे दोन हात मारा. पण सागाच्या रेषा चांगल्या असतील तर त्या झाकू नका हो, कागद आतल्या फळ्यांना लावा!

जळगावहून: हे पटलं, आतूनच लावते.