बल्बचा रोध मीटरवर 38 ओहम, गणिताने 529 ओहम: चूक कुठे होते आहे?

सांजवात:
मुलीला दहावीचे विद्युतधारेचे प्रकरण शिकवताना घरातला जुना, तारेचा 100 वॉटचा बल्ब उदाहरणादाखल घेतला. 230 व्होल्टला 100 वॉट म्हणजे धारा 0.435 अँपिअर, आणि 230 ला त्या धारेने भागले की रोध 529 ओहम, असे गणित आम्ही मांडले. पडताळा म्हणून बल्ब होल्डरमधून काढून त्याच्या बुडाशी असलेल्या दोन ठिपक्यांना मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या, तर आकडा आला 38. मीटरचा सेल बदलला, तरी तेच. 38 ओहम खरा मानला तर विभवांतराच्या वर्गाला रोधाने भागून शक्ती जवळजवळ 1400 वॉट येते. म्हणजे हा बल्ब नव्हे, पाणी तापवण्याचा रॉडच झाला. मीटर बिघडला आहे, की ओहमचा नियम इथे लागू होत नाही?

निवृत्त वायरमन:
मीटर ठीक आहे आणि आपले गणितही ठीक आहे. फक्त दोन्ही आकडे एकाच स्थितीतले नाहीत. मीटरने गार तार मोजली, तर 100 वॉट हा आकडा तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापून पांढरीशुभ्र झाल्यानंतरचा आहे, आणि टंगस्टनचा रोध तेवढ्या तापमानाला गार असतानाच्या सुमारे चौदा पट होतो. ओहमच्या नियमात ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट असते, जी पाठ करताना सगळेच गिळून टाकतात. बटण दाबल्याच्या क्षणी या बल्बमधून खरोखरच 6 अँपिअरच्या आसपास धारा जाऊ शकते, पण निमिषभरच. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचे, ते यावरून लक्षात येईल.

शेगडीवाले काका:
हाच प्रयोग नायक्रोमच्या कॉइलच्या शेगडीवर केला असता, तर आपण गोंधळला नसता. 1000 वॉटच्या शेगडीचा रोध गणिताने 52.9 ओहम येतो, आणि नायक्रोमचा रोध तापमानाने फारच थोडा वाढत असल्यामुळे गार कॉइलही त्याच्या जवळपासच दाखवते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 190 वर येते, तेव्हा 190 चा वर्ग भागिले 52.9 या हिशेबाने शेगडी 680 वॉटचीच उरते आणि भात शिजता शिजत नाही. त्याच वेळी 100 वॉटचा बल्ब मात्र 68 नव्हे, तर 73 वॉटच्या आसपास घेतो, कारण तार कमी तापल्याने तिचा रोधही उतरतो. पंख्याला मात्र हे गणित लावू नये. तिथे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार पॉवर फॅक्टरमुळे, म्हणजे धारा व्होल्टेजच्या थोडी मागे राहत असल्यामुळे, खऱ्या वॉटपेक्षा जास्त भरतो.

निवृत्त वायरमन:
घरच्या लाइनवर मल्टिमीटर लावून धारा मोजण्याच्या फंदात कृपया पडू नका. टॉर्चचा तारेचा बल्ब आणि सेल घ्या.

सांजवात:
तसेच केले. एका सेलवर 1.5 व्होल्ट आणि 0.22 अँपिअर, म्हणजे 6.8 ओहम आणि 0.33 वॉट, दोन सेलवर 2.9 व्होल्ट आणि 0.32 अँपिअर, म्हणजे 9.1 ओहम आणि 0.93 वॉट. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊनही धारा दीडपटही झाली नाही. मुलीने आलेख काढला असून रेषा वाकलेली दिसते. तिची आता एकच तक्रार आहे, की परीक्षेत सरळ रेषाच काढायला सांगतात.