चहाचं पातेलं बदललं आणि चवही बदलली: तुमचा काय अनुभव?

गेल्या महिन्यात आमच्या चहाच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याला तळाशी टाचणीएवढं भोक पडलं. बावीस वर्षं रोज चार वेळा त्यात आधण चढत होतं. त्याच्या जागी स्टीलचं आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, चहा पांचट झालाय." पाणी तेच, पावडर तीच, दूध तेच. दोन कप पाणी, एक कप दूध, पेरभर आलं, सगळं मी मोजून टाकते.

रविवारी शेजारच्या काकूंकडून जर्मनचं पातेलं मागून आणलं. दोन्हींत एकाच मापाने चहा केला आणि कुठला कशातला ते न सांगता घरातल्या चौघांना दिला. चौघांनीही जर्मनचा बरोबर ओळखला. मग दुसऱ्या खेपेला घड्याळ लावलं. दूध घातल्यावर दोन्ही चहा मंद आचेवर, ढवळत, बरोबर चार मिनिटं उकळू दिले. या वेळी कोणालाच खात्रीने सांगता येईना.

स्टीलमध्ये दूध कडेने लागायला लागलं की करपेल म्हणून मी ते लवकर उतरवत होते, हे तेव्हा लक्षात आलं. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा साधारण पंधरा पट चांगली उष्णता वाहून नेतं. पातळ स्टीलचा तळ ज्योतीवर येतो तेवढाच सणसणीत तापतो, बाकीचा मागे राहतो. धातूची चव चहात उतरली नव्हती, चहाला मिळणारा वेळ तेवढा कमी झाला होता. माझं मत सध्या इथवर आलंय. तुमच्याकडे चहा कशात होतो? भांडं बदलल्यावर काय फरक पडला? मनापासून ऐकायचं आहे.

पुणे

ताई, वेळेचं तुमचं म्हणणं पटलं, पण धातू चहात उतरत नाही हे पितळेला लागू नाही. आमचं अमृततुल्य आहे, राजस्थानातून आलेल्या पणजोबांपासूनचं. पहिल्यापासून जाड पितळी पातेलं. गार दूध ओतलं तरी उकळी पटकन बसत नाही, कारण एवढ्या जाड भांड्याने उष्णता धरून ठेवलेली असते. दिवसभर एकामागून एक चहा काढायचा तर हे फार महत्त्वाचं. पण हे सगळं कल्हई शाबूत असेपर्यंतच. कल्हई उडालेल्या पितळेत चहा कळकतो, घशाशी एक तुरट, धातूसारखी चव रेंगाळते. एकदा दिवाळीच्या गर्दीत आम्ही "नंतर करू" म्हणत कल्हई महिनाभर पुढे ढकलली. एका जुन्या गिऱ्हाइकाने अर्धा कप तसाच ठेवला आणि काही न बोलता गेले. ते मला अजून लागतं. दुसऱ्याच दिवशी कल्हईवाल्याला गाठलं. नवसागर टाकून, कथील फिरवून, कापसाने पुसून त्याने पातेलं आरशासारखं करून दिलं. घरी पितळ वापरत असाल तर रिकामं भांडं कधीही गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि रिकामं भांडं बघता बघता तिथवर जातं.

आणखी एक. आम्ही गाळायला फडकं वापरतो, ते साबणाने धूत नाही, उकळत्या पाण्यातून काढतो. पातेल्याबद्दल सगळे विचारतात, फडक्याबद्दल कोणी विचारत नाही. साबणाचा वास चहाला फार लवकर लागतो.

कोल्हापूर

मी दोन पातेली बदलली, चहा नासायचा थांबला नाही. आमच्याकडे गुळाचा चहा. शेवटी आत्याने सांगितलं, गूळ दुधाबरोबर उकळू नको, गॅस बंद करून मग घाल. त्या दिवसापासून एकदाही फुटला नाही. आल्याचंही तसंच: आधी पाण्यात खळखळून उकळायचं, दूध मागाहून. बिचाऱ्या पातेल्यांचा काहीच दोष नव्हता.

दिब्रुगड

मूळचा साताऱ्याचा, चौदा वर्षं इथे चहाच्या कारखान्यात आहे. चव घेणाऱ्यांच्या टेबलावर धातूचं भांडं नसतं. पांढरी चिनी मातीची झाकणाची भांडी असतात. आयएसओ ३१०३ हे प्रमाण तेच सांगतं: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं झाकून. चिनी माती स्वतःचं काही देत नाही, म्हणून दोन लॉटमधला फरक जिभेला स्वच्छ कळतो. पांढऱ्या रंगावर चहाचा रंगही नीट दिसतो.

पण गावी गेलो की आईच्या हातचा चहा जर्मनच्या पातेल्यातलाच, आणि तो मला मनापासून आवडतो. आपल्याकडे घरोघरी असते ती सीटीसी (पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली) पावडर, १९३०च्या दशकात इथे आसामातच आलेल्या यंत्राची. पाण्यात पडताच रंग आणि कस सोडणारे बारीक दाणे. त्यात दूध, साखर, आलं घालून उकळल्यावर भांड्याचा नाजूक फरक झाकून जातो. दार्जिलिंगची पानं नुसत्या पाण्यात केलीत तर मात्र चिनी माती किंवा काच घ्या, फार सुंदर लागतो. आणि लिंबाचा चहा जर्मनमध्ये करू नका. आंबटाने अ‍ॅल्युमिनियम जास्त सुटतं.

जुन्नर

ट्रेकला पातेलं विसरलो म्हणून लोखंडी कढईत कोरा चहा केला. शाईसारखा काळा झाला, आणि चव गंजलेल्या खिळ्याची. चहातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की असंच होतं, जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत. आम्ही सगळा ओतून दिला.

लेह (सध्या नाशिक)

नोकरीने दोन वर्षं तिकडे होतो. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात खळखळ दिसते, पण रंग चढत नाही. आमचा स्वयंपाकी कुकरमध्ये चहा करायचा, पाणी, पावडर, आलं घालून एक शिट्टी, मग झाकण काढून दूध. पहाटे चारला तो पेला हातात आला की बोटांना जाग यायची. सपाटीवर भांड्याने काय फरक पडतो ते तुम्ही ठरवा, तिथे मात्र फरक जमीन-अस्मानाचा होता.

नागोया

इथून जवळच तोकोनामे हे मातीच्या चहादाण्यांचं जुनं गाव आहे. तिथून आडव्या दांड्याचं छोटं क्यूसू आणलं. सेंचा हा हिरवा चहा ७०-८० अंशांच्या पाण्यात, मिनिटभर, आणि ओतताना शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं करायचं. बिनचकाकीची माती वास धरते, म्हणून ते नुसत्या पाण्याने धुते. दुकानदार आजींनी तेवढं दोनदा बजावलं होतं. आल्याचा चहा अर्थात भारतातून आणलेल्या पातेल्यात. दोन्ही भांडी एकाच फळीवर असतात.

नागपूर

आजीचा नियम: चहाच्या पातेल्यात फक्त चहा. एकदा भावाने त्यात मॅगी केली, तर दोन दिवस चहावर तेलाचा तवंग आणि मसाल्याचा वास. धातू कुठलाही असो, हा नियम मी मोडत नाही.

(धागा सुरू करणारी)

सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, सासूबाईंना एकेक वाचून दाखवलं. काल जाड बुडाचं, दोन स्टीलच्या थरांत अ‍ॅल्युमिनियम असलेलं उभट पातेलं घेतलं. त्यात दूध कडेने लागत नाही, चार मिनिटं निवांत उकळतं. सासूबाई म्हणाल्या, "हा जमला." पण नागपूरचं वाचून त्यांना माळ्यावरचं त्यांच्या आईचं पितळी तपेलं आठवलं. त्यातही म्हणे फक्त चहाच व्हायचा. खाली काढलं तर आतली कल्हई पार उडालेली. पुण्याचे दादा, तुमचे कल्हईवाले हल्ली कुठल्या वारी बसतात?