ट्युलिप आणि डॅफोडिल एकाच फुलदाणीत लावताना

टेबलाच्या मधोमध ट्युलिप आणि डॅफोडिल एकत्र लावायचं ठरतंय, तर आधी एवढं करा. डॅफोडिलच्या ताज्या कापलेल्या देठातून चिकट रस पाझरतो आणि त्यामुळे ट्युलिप लवकर माना टाकतात. म्हणून डॅफोडिल निदान सहा तास वेगळ्या पाण्यात ठेवा, ते पाणी ओतून द्या. एकत्र लावताना देठ पुन्हा कापू नका. कापलेत की रस परत सुरू. ट्युलिप तर कापल्यावरही वाढतात, उजेडाकडे वळतात. आदल्या दिवशी लावणार असाल तर दोन-तीन सेंटिमीटर आखूडच ठेवा. फुलदाणीसकट उंची ३० सेंटिमीटरच्या आत हवी, नाहीतर समोरासमोर बसलेल्यांचे चेहरेच झाकले जातात. डॅफोडिल विषारी असतं, पदार्थांवर सजावटीला अजिबात नको!

बाकी, जेवणाचं टेबल मांडताना माणशी ६० सेंटिमीटर जागा धरा. टेबलक्लॉथ २०-२५ सेंटिमीटर खाली आला की पुरे. जास्त लांब असला तर मांडीवर येतो आणि उठताना ओढला जातो. घड्यांच्या खुणा घालवायला टेबलावरच इस्त्री फिरवणार असाल तर खाली जाड चादर घाला, वाफेने पॉलिशवर पांढरे डाग उठतात.